अमलीडीहची पागा अन् बुधरामचे घोडे

अमलीडीह नावाची गावं छत्तीसगढमंधी दर दहा कोसावर एक आहे. मोबाइलच्या नकाशात टाकलं तर आठ-दहा निघतेत, अन् आपल्याले पाहिजे ते त्यात नसते. म्हणून आधीच सांगून देतो. मी गेलो ते अमलीडीह धमध्याच्या पुढं आहे, दुर्गहून दीड घंटा. तिथं एका काळी घोड्याची पागा होती. नुसते घोडे बांधायची नाही, घोडे पैदा करायची. माहा जन्म तिथला.

जायचं माह्या मनात नव्हतं. मी भिलाईच्या प्लांटमधून रिटायर झालेला माणूस, नेहरू नगरले राहतो, सकाळी एक चक्कर मारतो, बस. माही मोठी बहीण कमला, आमची ताई, रिसालीत तिच्या पोराकडं राहते. तिले ऐंशी लागलं, गुडघे गेलेले. एका इतवारी तिच्याकडं गेलो तर म्हणते, आक्तीच्या आदल्या दिवशी मले अमलीडीहले ने. आक्ती म्हणजे आपली अक्षय तृतीया. कावून, म्हणलं. तवा तिनं जे सांगतलं ते तिनं आजवर कोणालेच सांगतलं नव्हतं.

आमचा बाबा त्या पागेत चंदीवाला होता. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. कोठ्याची चाबी त्याच्या कमरेले. पागा मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची. त्याचा मुनीम भंडाऱ्याकडचा, त्यानं बाबाले आमच्या गावाहून आणलं होतं. घोडे धुणं, फिरवणं, खरारा करणं ही सईसाइची कामं. मोठा सईस बुधराम. त्याची पोरगी ताईच्या बरोबरीची, अन् दोघी भोजली झालेल्या. इकडं सावनात पोरी टोपलीत गहू उगवतेत, त्या कोंबाले भोजली म्हणतेत. दोघींनी एकमेकीच्या कानावर ते कोंब खोचले की जन्माची मैत्रीण. मंग नाव घ्यायचं नाही, मरेपर्यंत भोजलीच म्हणायचं.

एका साली गारपिटीनं चना गेला. बाबानं चन्यात लाखोळी मिसळवली. इकडं तिले तिवरा म्हणतेत. आमच्या भंडाऱ्याकडं बैल खातेत, माणसं वरण करून खातेत, कोणाले काही होत नाही असंच सगळे धरून चालतेत. पण घोड्याले ते चालत नाही. रोज खाल्लं की घोड्याच्या मागच्या टांगा ओढल्या जातेत, पळवला तर नरड्यातून शिट्टी वाजते. बाबाले हे माहीत नव्हतं. दोन महिन्यात चार घोड्या बसल्या त्या उठल्या नाही. रायपूरचा ढोर डॉक्टर आला, म्हणे यांनी तिवरा खाल्ला. बाबा म्हणे, मी चनाच देत होतो, बुधरामनं पहाटे घोड्या तिवऱ्याच्या वावरात सोडल्या असतीन. बुधराम ओरडून राहिला होता की चंदी पाहा, चंदी पाहा. पण चंदी भरडलेली, भरडलेला तिवरा अन् चना सारखाच दिसते. मंग मुनीमानं ताईले बोलावलं. आई अन् ताईच जात्यावर भरडत होत्या. मुनीम म्हणे, पोरगी खोटं नाही बोलायची. सगळ्या गावासमोर विचारलं, जात्यात काय टाकत होती? ताई अकरा वर्षाची. बाबा समोर उभा.

ती म्हणाली, चना.

बुधरामले पागेतून काढलं. मी तवा सहा वर्षाचा. मले इतकंच ठाऊक की बुधरामनं घोड्या मारल्या अन् पागा बुडाली, म्हणून बाबा आमाले घेऊन भिलाईले आला. हेच मी पोराइले सांगत आलो, नातवाइले सांगत आलो. सोबत हेही की त्या पागेत माह्या बाबासारखा माणूस नव्हता.

मी म्हणलं, ताई, बाबा गेला, बुधराम गेला असन, मालगुजाराचे नातू कुठं आहेत ते त्याइचं त्याइलेच माहीत. आता कोणाले सांगतं? ती म्हणे, भोजली आहे. रिसालीत भाजी विकायले येणारी एक बाई अमलीडीहची निघाली, तिनं सांगतलं. बुधरामच्या घराले अजून घोडामार म्हणतेत, अन् ठाकुरदेवाले, म्हणजे गावदेवाले, मातीचा घोडा चढवू देत नाही. मी म्हणलं फोन लावू, चिठ्ठी लिहू. ती म्हणे, सगळ्याइसमोर बोलली होती, सगळ्याइसमोरच सांगीन. आक्तीले सगळं गाव ठाकुरदेवापाशी जमते. तुले नसन यायचं तर नोको येऊ, मी बसनं जाते.

त्या गुडघ्याइनं बसमंधी कुठं चढते ती? गाडी काढली.

पहाटे साडेपाचले रिसालीतून निघालो. वैशाखात जायचं तर इतक्यालेच निघा, आठ वाजता डांबर नरम पडते. दुर्गपर्यंत हायवे, तिथून धमधा रोड. रोड चांगला आहे. भाजीचे ट्रक उलट्या बाजूनं येतेत अन् कोणाले साइड देत नाही, तेवढं सांभाळा. पेट्रोल दुर्गातच टाका. रस्त्यानं सारी काळी जमीन, इकडं तिले कन्हार म्हणतेत. टमाटरचे वावर संपलेले, बांबू तसेच उभे. पपई, केळी. आमच्या लहानपणी हे काहीच नव्हतं. धान, अन् धान उभं असतानाच त्यात फेकलेला तिवरा. नजर जाईन तिथपर्यंत निळी फुलं.

धमध्यात थांबलो. तलावच तलाव आहेत तिथं, एक संपला की दुसरा. बस स्टँडजवळ पोहा-जलेबी चांगली भेटते, मुंगौडी, म्हणजे मुगाची भजी, त्याहून चांगली, पण तेल पाहून घ्या. चहा दहा रुपये. ताईनं फक्त चहा घेतला. धमध्याच्या पुढं पक्क्या रस्त्यानं दहा-बारा किलोमीटर, मंग डाव्या हाताले पिपळाजवळून सिमेंटचा अरुंद रस्ता फुटते. बोर्ड नाही. तिथंच मी गाडी बाजूले घेतली. ताईले म्हणलं, पाह्य, धमध्याचे तलाव पाह्यले, झाली यात्रा. बाबाले गावासमोर उघडं करून तुले काय भेटणार आहे? तो काही चोर नव्हता. त्याले माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "तिवऱ्याचं त्याले माहीत नव्हतं. बुधराम काकाचं माहीत होतं."

अन् दरवाजा उघडून काठी खाली टेकवली. इथून पायी जाते म्हणे. बस बाई, बस, म्हणलं, अन् गाडी सिमेंटच्या रस्त्याले वळवली.

गावात पोचलो तवा नऊ वाजले नव्हते. सरपंच बाई आहे, तिचा नवरा कारभार पाहते. त्यानं पंचायत भवनाची खोली उघडून देली, पंखा होता, पाणी होतं. पैसे घेतले नाही. गावात हॉटेल-लॉज काही नाही, कोणी जाणार असन तर सरपंचाच्याच घरी विचारा, अन् चादर आपली न्या.

आधी पागा पाह्यली. छत्तीसगढीत तिले घोडसार म्हणतेत. एका बाजूले खाद, म्हणजे खत, ठेवतेत, टिनाचं छप्पर टाकलं, शटर बसवलं. दुसऱ्या बाजूले छप्परच नाही. पण भिंती उभ्या आहेत. एकामागं एक कमानी, मी मोजायले लागलो अन् सोडून देलं, कारण लहानपणी त्या मले संपतच नव्हत्या अन् आता चट संपून जातीन असं वाटलं. भिंतीत लोखंडी कडे तसेच आहेत, घासून घासून पातळ झालेले. दगडाचा लांब हौद आहे, त्यात बकऱ्या पाणी पिऊन राहिल्या होत्या.

पागेचा इतिहास कोण्या पुस्तकात नसन, म्हणून जेवढा मले माहीत आहे तेवढा लिहून देतो. मालगुजाराच्या आजानं ती बांधली. पहिला सांड घोडा काठेवाडाहून रेल्वेनं दुर्गले आला अन् दुर्गहून इथपर्यंत सईस त्याले पायी घेऊन आले, दोन दिवस, कारण नवा घोडा नव्या रस्त्यावर पळवायचा नाही असा त्याइचा कायदा. घोड्या बंजाऱ्याइकडून घेतल्या. शिंगरं दोन-तीन वर्षाची झाली की पोलिस लाइनीत जात, जमीनदाराइकडं जात, टांगेवाले नागपूर-रायपूरहून येत. आमच्या टायमाले मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण जमीन होती, शौक होता. मोठा घोडा बादल. पांढरा नाही, राखी. त्याच्याजवळ आमाले जायची मनाई.

मी घोड्यावर कधी बसलो नाही. पोट्टेच होतो आमी. मले आठवते तो आवाज. सांजेले सगळ्या घोड्याइच्या तोंडाले तोबरे बांधले की सगळे एकदम दाणा चावत. माणसं चूप राहत तेवढ्या वेळ. पुढं मी प्लांटमंधी क्रेनवर होतो. कोळसा पट्ट्यावरून पडायचा आवाज दुरून आला की मले अमलीडीहची सांज आठवे. तीस वर्ष आठवली. अन् बाबा आठवे. तो मले उचलून घोडीच्या तोंडाजवळ न्यायचा अन् म्हणायचा, हात उघडा ठेव, बोटं दाखवू नोको. घोडीचं नाव बिजली. तिचं नाक इतकं नरम होतं की मले ते सांगता येत नाही. चार घोड्या गेल्या त्यात बिजली होती. त्या छप्पर नसलेल्या भिंतीत उभा राहून मी हिशेब लावून राहिलो होतो की माह्या हातावर बाबानं जो दाणा ठेवला, तो कोणता होता. ताई हौदावर बसून माह्याकडं पाहून राहिली होती.  

मागच्या बाजूले एक खोली आहे, आढं पडलेली, घोडी व्यायची खोली. तिथं सईस घोडीजवळ झोपायचा. शिंगरू महिनाभर जगलं की ज्या सईसानं घोडी सांभाळली, त्यानं ठाकुरदेवाले मातीचा एक घोडा चढवायचा. ठाकुरदेव हा इकडचा गावदेव, मूर्ती नसते, झाडाखाली दगड. सईसाले पगारापेक्षा तो घोडा मोठा. पागा बंद झाल्यावर सईसाच्या घराइनं ठरवलं, आता शिंगरं नाही तर दर आक्तीले घरटी एक घोडा चढवायचा. ते अजून चालू आहे. फक्त बुधरामचं घर सोडून. ज्याच्या हातानं घोड्या मेल्या त्याच्या घरानं घोडा कसा चढवावा, असं तवाच्या बैगानं म्हणलं होतं. बैगा म्हणजे गावदेवाचा पुजारी. त्याचा शब्द मंग कोणी खोडला नाही.

ताई म्हणाली, चाल.

सईसपारा, म्हणजे सईसाइची वस्ती, गावाच्या टोकाले आहे. बुधरामची पोरगी फुलबासन, ताईची भोजली, नवरा गेल्यावर माहेरीच येऊन राहिली, भावाच्या पोराजवळ. अंगणात बसून परसाच्या, म्हणजे पळसाच्या, पानाचे दोने लावून राहिली होती, उद्याच्या आक्तीसाठी. वाळकी, ताठ, डोळ्यावर जाड चष्मा. ताई काठी टेकत फाटकातून गेली अन् उभी राहून म्हणाली, "भोजली."

त्या बाईनं मान वर केली. बराच वेळ पाह्यलं. मंग म्हणाली, "कमला हस का?"

कमला आहे का तू, एवढंच. पण नाव घेतलं. ताई खाली बसली, बसली कसली, पडलीच. मी हात धरला.

ताईनं सांगायले सुरुवात केली तवा फुलबासननं हात वर केला. दोना पूर्ण केला, बाजूले ठेवला. "मोला झन बता," म्हणाली. मले नोको सांगू. मले माहीत आहे. बापालेही माहीत होतं, तो मरेपर्यंत म्हणत होता की चंदीवाल्यानं खवाडलं अन् चंदीवाल्याच्या पोरीनं झाकलं. ऐकणारं कोणी नव्हतं. "काली ठाकुरदेव करा सब झन रहिहीं। उहाँ बता।" उद्या ठाकुरदेवापाशी सगळे राहतीन, तिथं सांग.

मंग तिनं नवा दोना हाती घेतला.

तिचा भाचा मनहरण, पन्नाशीचा, मिस्त्रीकाम करते, तो आतून आला. तो काही तिच्यासारखा चूप बसणारा नव्हता. माह्याशी हिंदीत बोलला. इतने साल कहाँ थे, म्हणे. भिलाई इथून किती लांब आहे, मी दर हप्त्याले कामाले जातो. मी म्हणलं, मले कालपरवापर्यंत माहीत नव्हतं. तो हसला. म्हणे, माह्या पोराचं लग्न होतं मागच्या साली, बारातीतले पोरं म्हणे या घरच्या नवरदेवाले घोडी नोको देऊ, मरून जाईन. पोरगा कारमंधी बसून गेला. सगळे हसले, आमीही हसलो, काय करतं.

पण जेवल्याशिवाय सोडलं नाही. बोरे-बासी देली, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, वरून कांदा, टमाटरची चटणी. वैशाखात त्याच्यापेक्षा चांगलं जेवण नाही, हे मी हॉटेलात पैसे टाकून आलेल्या माणसाइले सांगतो. ताईनं दोन घास खाल्ले. फुलबासननं तिच्या ताटाकडं पाह्यलं अन् मिठाचा डबा सरकवला.

दुपारभर पंचायत भवनात पडून राहिलो. सांजेले तलावावर चक्कर मारली. ताई ओठातल्या ओठात काहीतरी घोकून राहिली होती, शाळेतली पोरगी घोकते तशी.

आक्तीच्या दिवशी सकाळी सातलेच सगळं गाव ठाकुरदेवाच्या मोहाच्या झाडाखाली जमलं. घराघरातून दोन्यात धान आणतेत, बैगा ते सगळं एकत्र करते, थोडं जमिनीत पेरते, बाकीचं परत वाटते. ते घरच्या बियाण्यात मिसळायचं, मंगच यंदाची पेरणी. झाडाच्या बुडाशी मातीच्या घोड्याइचा ढीग. जुने काळे पडलेले, अर्धे मातीतच परत गेलेले, वरून नवे लाल. सईसपाऱ्याच्या बायाइनं आपापले घोडे ठेवले. बैगा चाळीस-पंचेचाळीसचा असन, टी-शर्ट घातलेला, पण काम नीट करत होता. मनहरण मागं उभा होता, फुलबासन त्याच्या बाजूले, दोघाइचे हात रिकामे.

बैगाचं आटोपलं तशी ताई माह्या खांद्याले धरून उभी राहिली. म्हणाली, मले बोलायचं आहे. लोक चूप झाले. अन् ताई बोलायले लागली, मराठीत.

तिले छत्तीसगढी येते. माह्यापेक्षा चांगली येते, भाजीवालीशी घंटाभर बोलते. पण त्या वेळी तिच्या तोंडून मराठीच निघाली. "मी जात्यावर बसत होती. चना नव्हता नुसता. लाखोळी होती त्यात. मले विचारलं तवा मी खोटं बोलली." सगळे एकमेकाकडं पाहून राहिले. एक पोरगा फिदकन हसला. कोणीतरी म्हणे, का कहत हे डोकरी? म्हणजे, म्हातारी काय म्हणते? ताईले कळलं की कोणाले समजलं नाही. तिनं परत तेच म्हणलं, परत मराठीतच, आवाज बारीक होत गेला. मंग माह्याकडं पाह्यलं.

मी तिले पोचवायले आलो होतो. बोलायले आलो नव्हतो. पण तिथं भंडाऱ्याची मराठी समजणारा दुसरा माणूस नव्हता.

शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाले रिपोर्ट देतेत, काय बिघडलं, कुठं बिघडलं, कोणाच्या हातून बिघडलं, तसंच मी बोललो. मोठ्यानं, कारण मागं म्हातारे होते. "मंय चंदीवाला के बेटा अंव। घोड़ा मन ल तिवरा हमर ददा खवाइस। बुधराम नइ खवाइस। मोर दीदी ह लबारी मारे रहिस, हमर ददा ल बचाए बर।" म्हणजे, मी चंदीवाल्याचा पोरगा. घोड्याइले तिवरा आमच्या बाबानं खवाडला, बुधरामनं नाही. माही ताई बाबाले वाचवण्यासाठी खोटं बोलली होती.

बस, एवढंच. अर्धा मिनिट लागलं नसन.

मले वाटलं होतं कोणी शिव्या देईन, कोणी रडन. तसं काही झालं नाही. पोरं मोबाइल पाहून राहिली होती. एकानं विचारलं, कोन बुधराम? दुसरा म्हणे, अरे, घोड़ामार के बबा, म्हणजे घोडामाराचा आजा. त्या माणसाचं नाव गावात एवढंच उरलं होतं. मागं बसलेला एक म्हातारा मात्र काठीवर उठून उभा राहिला. ताईले गावासमोर विचारलं ती पंचायत त्यानं लहानपणी पाह्यली होती. बैगानं त्याच्याजवळ जाऊन विचारलं, दोघं हळू बोलले. मंग बैगा परत आला अन् फुलबासनले म्हणाला, दाई, घोडा चढव.

फुलबासन काही न बोलता वळली अन् घराकडं चालायले लागली. मनहरण तिच्या मागं. मले वाटलं, रागावून गेली. ताई खालीच बसली. लोक उठायले लागले होते. बैगा म्हणे, थांबा.

दोघं आले तवा मनहरणच्या डोक्यावर टोपला होता. बांबूचा मोठा, धान मोजायचा. त्यात मातीचे घोडे. टोपला खाली ठेवून तो परत गेला अन् दुसरा घेऊन आला. मंग तिसरा. बुधराम दर आक्तीले कुंभाराकडून एक घोडा घ्यायचा अन् चढवता येत नाही म्हणून घरातच पाटणीवर, म्हणजे माळ्यावर, ठेवून द्यायचा. तो गेला, मंग फुलबासनचा भाऊ घ्यायले लागला. तो गेला, मंग ती. एक आक्ती चुकवली नाही. आपला घोडा आहे, देवाचा आहे, एवढंच फुलबासन म्हणाली. कोणी विचारलं तर सांगायचे की नातवाइले खेळायले.

आता मोबाइल पाहणाऱ्या पोराइनंही वर पाह्यलं.

फुलबासन झाडाच्या बुडाशी बसली अन् ताईले म्हणाली, दे. ताईनं टोपल्यातून एक घोडा काढून तिच्या हाती देला. तिनं ठेवला. दे. दुसरा. मी टोपले सरकवत होतो. काही घोडे जुने, हातानं बनवलेले, पाटणीच्या धुरानं काळे. काही नवे, साच्यातले. बऱ्याच घोड्याइच्या टांगा तुटल्या होत्या. असा एक ताईच्या हाती आला तर तिनं बाजूले ठेवला. फुलबासननं स्वतः हात लांब करून तो उचलला अन् दोन चांगल्या घोड्याइच्या मधात टेकवून उभा केला. बराच वेळ लागला. ऊन चढलं. कोणी उठलं नाही. शेवटचा घोडा मनहरणनं ठेवला, त्यालेच ठेवायले लावला तिनं. तो मिस्त्री आहे, त्यानं आधी माती हातानं सारखी केली अन् मंग ठेवला.

निघताना ताई फुलबासनच्या फाटकाजवळ उभी राहून वाट पाहून राहिली होती. कशाची ते मले माहीत होतं. फुलबासन आली, म्हणाली, "घाम जनावत हे। पानी पी के जाव।" ऊन लागते, पाणी पिऊन जा. ताई पाणी प्याली. भोजली काही ती म्हणाली नाही. कमलाही म्हणाली नाही.

दुपारी एकले रिसालीत पोचलो. ताईच्या पोरानं विचारलं, कसं काय झालं, तर ती म्हणे, रस्ता चांगला केला आता. अन् झोपली. सांजेपर्यंत झोपली. तिची सून म्हणे, आई दिवसा अशी कधी झोपत नाही.

आमचा धाकटा भाऊ नागपूरले आहे. तो भिलाईत जन्मला, त्यानं पागा पाह्यलीच नाही. त्याले मी स्वतः फोन करून सांगतलं, कारण दुसऱ्याकडून कळलं असतं तर अजून वाईट. तो म्हणे, बाबाले मरून इतके वर्ष झाले अन् तुमी त्याले गावात उभं करून मारलं. तुले काय गरज होती बोलायची, ताई बोलून चूप बसली असती, कोणाले समजलं नसतं. हे त्याचं बरोबर आहे. कोणाले समजलं नसतं. त्यानं फोन ठेवला. तवापासून उचलत नाही.

जायचं असन त्याइनं जावं. पागा पाहायले तिकीट नाही, खादाच्या शटरवाल्याले सांगतलं की तो मागून दाखवते. आक्तीले गेले तर सकाळी सातच्या आत पोचा. घोड्याइचे फोटो काढा, पण हात लावू नोका.

बाकी एका गोष्टीचा मी गाडी चालवताना विचार करत होतो, अन् अजून करून राहिलो. भिलाईत आल्यावर आमच्या घरात लाखोळी कधी शिजली नाही. स्वस्त होती, शेजारी सगळे खायचे, आईले आवडायची. बाबा घरात येऊ देत नव्हता. आमी म्हणायचो, प्लांटमंधी लागला तर बाबाले शहरी चव लागली. तो काही म्हणायचा नाही. त्यानं आमाले जन्मात एकही गोष्ट समजावून सांगतली नाही. जी सांगायची होती ती मी सांगतली, त्याच्या गावात, त्याच्या विरोधात. ताई म्हणते, विरोधात नाही, त्याच्याकडून. मी अजून ठरवलं नाही.